रविवारी ताई आणि भाऊ येताहेत

सभासदहो, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता दादरच्या आपल्या वाचनालयात ताई आणि त्यांचे धाकटे भाऊ १९७१ च्या युद्धाच्या आठवणी सांगतील.

भाऊ नौदलात. ९ डिसेंबरला दीवजवळ ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडाली, तेव्हा ते दुसऱ्या जहाजावर होते. ताई कुलाब्याच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात लष्करी परिचारिका. ब्लॅकआउटमध्ये टॉर्चला रुमाल गुंडाळून त्या वॉर्डात फिरायच्या. तो टॉर्च त्या आणणार आहेत (सेल घातले की अजून पेटतो म्हणे!).

पुढे भाऊंनी गोदीत नोकरी केली, ताईंनी निवृत्तीनंतर चाळीतल्या निम्म्या पोरांना इंजेक्शनं टोचली.

‘खुकरी’चा विषय निघाला की भाऊ गप्प होतात, प्रश्नांची घाई नको. लिफ्ट बंद आहे, म्हणून बैठक तळमजल्यावर. चहा मिळेल, कप घरून आणावा.