तात्यांसाठी शब्द सुचवा

संपादक साहेब, नमस्कार,

ट्रम्प तात्यांच्या बातम्यांत 'बढाईखोर' हाच शब्द सारखा येतो, पण मला तो काही पुरेसा वाटत नाही. बढाई मारणारा आमच्या टपरीवरपण रोज एक असतोच की, चहा उधारीवर पितो आणि आमदाराशी फोनवर बोलून आलो म्हणून सांगतो. त्याला आपण 'बाताड्या' म्हणतो आणि हसून सोडून देतो, पण ज्या माणसाने २०१८च्या जानेवारीत ट्विटरवर स्वतःलाच 'एकदम स्थिरबुद्धी जीनियस' म्हणवून घेतलं, नंतर प्रचारात युक्रेनचं युद्ध २४ तासांत मिटवतो म्हणाला आणि २०२५च्या जानेवारीत शपथ घेऊन महिने उलटले तरी तिकडे बॉम्ब पडतच होते, त्याला काय म्हणायचं?

'थापाड्या' जमत नाही कारण थापाड्याला निदान आतून माहीत असतं की आपण थाप मारतोय. 'फेकू' आपल्याकडे वापरून वापरून पार गुळगुळीत झालाय. 'आत्मप्रौढी' फारच सभ्य, सत्कार समारंभातला वाटतो. त्यातल्या त्यात मला 'वल्गना' पटतो, संस्कृतात त्याचा मूळ अर्थ उड्या मारणं, घोड्याने दौडणं असा आहे म्हणे, म्हणजे जीभच चौखूर उधळलेली! पण त्यापासून माणसाला लावायचा शब्द बनवायला गेलं की 'वल्गनाकार' होतं आणि ते एकदम साहित्यिकासारखं ऐकू येतं, उगाच पुरस्कार मिळायचा. आमची आई टीव्ही बघत 'स्वतःच्याच आरतीला स्वतःच घंटा' एवढंच म्हणाली, पण ते हेडलाइनमध्ये कसं बसवणार? कुणाला एका शब्दात सुचत असेल तर छापा.

– एक वाचक, सातारा