जैतापूर: कांड्यांच्या झिजेचं कोण बोलणार?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पावर तुमच्याकडे छापून येणारी पत्रं मी नेमाने वाचतो. एक जण म्हणतो स्फोट होणार, दुसरा म्हणतो भरपूर वीज मिळणार, आणि या भांडणात खरी कटकटीची गोष्ट राहूनच जाते, ती म्हणजे भट्टीतल्या इंधनकांड्यांची घासून घासून होणारी साधी झीज.

मी तीसेक वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होतो. एकदा हीट एक्स्चेंजर (नळ्यांमधून उष्णतेची देवाणघेवाण करणारं यंत्र) उघडला तर एक ट्यूब बॅफलच्या, म्हणजे ट्यूबा धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या, भोकापाशी एका अंगाने चकचकीत सपाट झालेली, नख फिरवलं की खळगा कळायचा, आणि तिथून दोन बोटांवर तीच ट्यूब नवी कोरी! पाण्याच्या जोराने थरथरत वर्षानुवर्षं त्याच जागी घासत बसलेली. अणुभट्टीतल्या इंधनकांडीचं, म्हणजे युरेनियमच्या गोळ्या भरलेल्या बारीक नळीचं, दुखणं हेच, फक्त तिथली नळी झिरकोनियम धातूची, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर, लांबी चारेक मीटर, आणि मधे मधे ग्रीडच्या, म्हणजे धातूच्या जाळीच्या, स्प्रिंगा तिला धरून असतात. न्यूट्रॉनच्या माऱ्याने स्प्रिंग ढिली पडते, बाहेरच्या दीडशे बार प्रेशरने नळी हळूहळू आत दबते, दोघांत फट पडली की झालं सुरू घासणं.

किती झिजेल याचं सूत्र आहे, आर्चर्डचं, १९५३ चं. दाबणारा जोर गुणिले घासलेलं अंतर, भागिले धातूचा कठीणपणा, आणि या सगळ्याला गुणायला एक स्थिरांक. घोडं अडतं ते त्या स्थिरांकापाशी, तो टेस्ट घेऊनच काढावा लागतो, आणि फट कधी पडणार हे वेगळंच कोडं. अमेरिकेत ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत २०१० मध्ये अणुभट्ट्यांच्या सिम्युलेशनचा मोठा प्रकल्प निघाला, त्यात ही ग्रीडची झीज मुख्य प्रश्नांमध्ये होती, यावरून काय ते समजा.

आता हे रत्नागिरीकरांनी का वाचावं? तर जैतापूरला ज्या सहा ईपीआर (फ्रेंच बनावटीच्या मोठ्या अणुभट्ट्या) लावायचं ठरलंय, त्याच जातीची भट्टी चीनमध्ये ताइशानला आहे. २०२१ मध्ये तिथे साठ हजारांवर कांड्यांपैकी पाचेकांचं आवरण फुटलं असं चीन सरकारनेच सांगितलं, कांड्यांच्या आतले झेनॉन-क्रिप्टॉन वायू भट्टीतल्या पाण्यात साठायला लागले, ३० जुलैला युनिट बंद केलं ते सुरू झालं थेट २०२२ च्या ऑगस्टमध्ये. तपासणीत काही भागांची यांत्रिक झीज दिसली, आणि फ्रेंच कंपनी ईडीएफच म्हणते की असं फ्रान्समधल्या भट्ट्यांतही झालेलं आहे. पाच कांड्या म्हणजे काही प्रलय नव्हे, उगाच कुणाला घाबरवायचं नाहीये मला, पण पाच कांड्यांपायी युनिट वर्षभर बंद राहतं त्या विजेचा हिशोब कोण देणार?

एनपीसीआयएलने (देशातले अणुवीज प्रकल्प चालवणारी सरकारी कंपनी) मराठीत एवढंच सांगावं: ताइशाननंतर ग्रीडमध्ये काय बदललं, झिजेचा अंदाज टेस्ट रिगवर, म्हणजे चाचणीच्या मांडणीवर, ताडून पाहिला का, आणि दर रिफ्युएलिंगला (इंधन बदलताना) किती कांड्या बाहेर काढून बघणार. आणि गावकऱ्यांना यातलं काय कळतं असं कुणी म्हणू नये, प्रकल्पाजवळच्या साखरी नाटे या मच्छीमारांच्या गावात बोटीचं इंजिन स्वतः खोलणारी माणसं आहेत, ढिली स्प्रिंग म्हणजे काय ते त्यांना चांगलं माहितेय.

— एक निवृत्त मेंटेनन्सवाला, रत्नागिरी