सल्लागार नेमा, पण आकडे देशाकडेच ठेवा

शाश्वत विकासातील देशाच्या प्रगतीचे मूल्यमापन बाहेरच्या सल्लागाराकडे सोपवावे, असे सुचवणारा लेख वाचला. नेमणुकीला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो करारात काय मागितले जाते याला. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे आणि त्यांखालील १६९ लक्ष्ये स्वीकारली, तेव्हाच त्यांतील प्रगतीचा आढावा ऐच्छिक असेल आणि त्याचे नेतृत्व त्या त्या देशाने करावे, असे ठरले होते. अनेकदा घडते ते वेगळेच. संयुक्त राष्ट्रांपुढे अहवाल मांडण्याची तारीख जवळ आली की घाईघाईत करार होतो, खात्यांकडून आकडे मागवले जातात, गुळगुळीत कागदावर अहवाल छापला जातो आणि कंत्राट संपले की कच्ची माहिती व मोजणीची पद्धत सल्लागाराबरोबरच निघून जाते. पुढच्या खेपेस पुन्हा श्रीगणेशा.

शिवाय खात्याचा तक्ता सगळे सांगत नाही. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे, एवढी नोंद त्यात असते. नळाला पाणी येते का, दाराला कडी आहे का, हे तिथे जाऊनच कळते. संयुक्त राष्ट्रांच्याच २०२४ च्या अहवालानुसार मूल्यमापन झालेल्या लक्ष्यांपैकी जगभरात जेमतेम १७ टक्के योग्य मार्गावर होती. अशा वेळी मागे पडलेली लक्ष्ये स्पष्टपणे नोंदवणे, प्रत्यक्ष पडताळणी करणे, सांख्यिकी विभागातील कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन काम करणे आणि सर्व माहिती जनतेसाठी खुली ठेवणे, या अटी करारातच असाव्यात. त्या पूर्ण झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.