शनिवारच्या रिट्रीटबद्दल सूचना

मंडळीतील सर्वांना प्रभूमध्ये सलाम. बालगृहातली मुलं शनिवारी दिवसभर आमच्या विश्रामबागच्या घरी रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या एकदिवसीय शिबिराला, येताहेत. संस्थेची लेखी परवानगी मिळाली आहे. त्यांचे काळजीवाहक पूर्ण वेळ सोबत राहतील.

मुलांचे फोटो काढू नका, स्टेटसला तर मुळीच नको. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. पाठमोरा फोटोही नको, दप्तरावर शाळेचं नाव असतं. आणि ‘आई-वडील कुठे असतात?’ हे कुणीही विचारायचं नाही.

सगळीच मुलं ख्रिस्ती घरांतली नाहीत. ज्याला प्रार्थनेला बसायचं नसेल त्याच्यासाठी गच्चीवर कॅरम मांडलेला असेल. त्याला आग्रह नको. वचन देणाऱ्यांनी, म्हणजे बायबलवर बोलणाऱ्यांनी, वीस मिनिटांत आटपावं. स्वयंपाकघरातून भडंगाच्या फोडणीचा वास आल्यावर कोण ऐकतंय!

जेवण महिला मंडळाकडे. जुने कपडे कृपया आणू नका. द्यायचंच असेल तर बॅट-बॉल द्या. मुलांना कृष्णेच्या घाटावर न्यायचं नाही, कितीही मागे लागली तरी.

सतरंज्या आणि मोठं पातेलं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचवा. पातेल्यावर नाव घाला.