विजयी संघाच्या फोटोखाली किती सामने खेळले तेही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

७ सप्टेंबर २०२५ ला राजगीरला आशिया चषक हॉकीची फायनल झाली, त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. दुपारपासून वेध लागलेले. त्यामुळे आमच्याकडे चुली लवकर विझल्या, देवळाचं दार लागलं. गणपती आदल्याच दिवशी गेले होते, मंडपाचा रिकामा सांगाडा तेवढा उभा होता. त्याच्या एका बांबूला पोरांनी सुतळीने मोबाईल बांधला आणि खाली ताडपत्रीवर आम्ही सात-आठ जण बसलो. बसतो न बसतो तोच सुखजीत सिंगने पहिल्या मिनिटात गोल मारला. दक्षिण कोरियाला आपण ४-१ ने हरवलं आणि २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. ग्रहण लागायच्या आत सगळं आटोपलं, म्हणून म्हाताऱ्यांनीही काही कटकट केली नाही.

सामना चालू असताना एका पोराने विचारलं, "सर, बॉल पायाले लागला त शिट्टी काऊन मारली?" दुसऱ्याचा प्रश्न, "हा काठी उलटी काऊन फिरवून राह्यला?" मी समजावलं की हॉकीत पाय चालत नाही आणि स्टिकची एकच बाजू सपाट असते, गोल बाजूने बॉल मारला की फाऊल. ऐकून पोरं खूश झाली. मी मात्र खजील झालो. तीस वर्षं मी क्रीडाशिक्षक होतो आणि विचारणारे दोघंही माझ्याच हाताखालून गेलेले. विराटची सरासरी त्यांना तोंडपाठ आहे. हॉकीतला पहिला नियम त्यांना माहीत नाही, कारण मी तो कधी शिकवलाच नाही.

या विजयानंतर जो तो एकच मागणी करतो आहे: विदर्भातही निळं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान हवं, बिहारमधल्या राजगीरसारख्या लहान गावात होतं तर आपल्याकडे का नाही? मागणी गोड आहे. माझं म्हणणं जरा कडू आहे. ते टर्फ सामन्याआधी पाण्याने भिजवावं लागतं. आमच्या गावात मे महिन्यात नळ चौथ्या दिवशी येतो आणि आला तर तासभर. पाण्यावाचून चालेल असं टर्फ आणण्याचे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे प्रयत्न आहेत म्हणतात. ते येईल तेव्हा येवो. तोवर टर्फ म्हणजे मंत्र्यांनी नारळ फोडायची जागा, एवढाच त्याचा उपयोग मला दिसतो.

टर्फमुळे आपलं नुकसान झालं हे मीही नाकारत नाही. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ ने हरवून विश्वचषक जिंकला, तो गवतावर. आमच्याकडे गव्हाची सोंगणी चालू होती. बांधावर ट्रान्झिस्टर ठेवला होता आणि त्यातून समालोचक जसदेव सिंह यांचा आवाज येत होता. अशोककुमारचा गोल झाला तेव्हा बाबांनी विळा हवेत उडवला, आणि मग तो शोधायला लागले. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम मैदानावर आली आणि तोवर सात वेळा सुवर्ण जिंकलेला आपला संघ तिथे सातवा आला. पण हे दुखणं वरच्या मजल्यावरचं झालं. आमच्याकडे पायाच नाही, आणि तो का नाही ते मला आतून माहीत आहे.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. शालेय हॉकीसाठी आमच्या शाळेचा संघ पाठवायचा असं वरून आलं. मी सोळा नावं भरली. त्यात नऊ पोरं कबड्डीची, चार खो-खोची, बाकीची ज्यांच्या घरचे सोडायला तयार होते ती. स्टिक सहा. गोलकीपरला क्रिकेटचे पॅड बांधले आणि डोक्यावर माझंच मोटारसायकलचं हेल्मेट चढवलं. एसटीने जिल्ह्याच्या गावी गेलो. तिथे तीन संघांची नोंद होती. एक आलाच नाही. दुसऱ्याकडे नऊ पोरं, त्यातलं एक तापाने फणफणलेलं. संयोजकांपैकी एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, कायले उन्हात पोरं तापवता?" झालं. आम्ही जिल्हाविजेते. गळ्यात हार, हातात सर्टिफिकेट, एक फोटो. तो वर्तमानपत्रात आला, खाली "दणदणीत विजय" असं छापलं होतं. तो मजकूर मीच लिहून दिला होता, हे आज कबूल करतो.

मग विभागाला गेलो. पहिल्या पाच मिनिटांत तीन गोल खाल्ले, शेवटी तेरा. समोरच्या पोरांच्या नडगीला गार्ड होते, आमच्या पोरांच्या पायात स्लीपर. एकाचा अंगठा सुजून वांगं झाला. परतीच्या एसटीत मागच्या सीटवरून आवाज आला, "सर, जिल्ह्याले आपण कोणाले हरवलं होतं?" मी म्हटलं, "झोप." त्यानंतर मी हॉकीचा संघ नेला नाही. दहावीच्या सवलतीच्या गुणांच्या आशेने पालक विचारायचे, तेव्हा सामानाचं कारण सांगून वेळ मारून न्यायचो.

मी एकटाच असा होतो असं मला वाटत नाही. क्रिकेट आणि कबड्डी सोडली तर बऱ्याच खेळांत हीच गत आहे. न खेळता जिंकलेली पोरं न खेळताच खेळ सोडतात, आणि कागदावर मात्र तालुक्यात हॉकी नांदते आहे.

आता उलटं बघा. फायनलमध्ये आपला चौथा गोल अमित रोहिदासने मारला. ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यातलं सौनामारा हे त्याचं गाव, आणि माजी कर्णधार दिलीप तिर्कीही त्याच गावचे. राउरकेला याच जिल्ह्यात येतं. २०२३ च्या विश्वचषकाचे सामने तिथे झाले, भव्य स्टेडियम उभं राहिलं, सगळं खरं. पण स्टेडियमच्या कितीतरी आधीपासून त्या पट्ट्यात गावोगाव हॉकीचे सामने होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. खस्सी म्हणतात त्याला. पोरं बांबूच्या काठ्या घेऊन उतरतात, हरलेले पुढच्या गावात बोकडाच्या मागे जातात. आपल्याकडे शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, माणूस कसा लोटतो, तसं. टेनिस बॉल क्रिकेटला आपल्याकडचे पुढारी एकावन्न हजारांचं बक्षीस लावतात, त्यांना एक बोकड जड जाईल का?

आणि मैदान म्हणाल तर पूर्ण हॉकीला ९१.४० बाय ५५ मीटर लागतं, एवढी जागा आमच्या शाळेकडे नाही. पण पाच-पाच जणांची हॉकी आता जगभर खेळतात. तिचा विश्वचषक जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला झालासुद्धा. तिला निम्म्याहून कमी जागेत भागतं. मुरुम दाबून रोलर फिरवला की झालं. बॉल उसळेल, नडगीला लागेल, गार्ड मात्र लागतीलच, त्यात काटकसर नको.

विदर्भाला हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना एक आठवण देतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८-१ असं हरवलं. त्याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक जाऊन कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं. तेव्हा कोणतं टर्फ होतं आपल्याकडे?

आपल्याकडे मागणं एकच आहे. शालेय स्पर्धांचे विजयी संघ आपण छापता तेव्हा फोटोखाली एक ओळ वाढवा: किती संघ उतरले, किती सामने खेळले. "एकही सामना न खेळता विजयी" असं दोन-चारदा छापून आलं, की माझ्यासारखे मास्तर आपोआप मैदानात येतील. मजकूर शाळेकडून येतो तेव्हा आकडा मागून घ्या. आकडा दिला नाही तर फोटो छापू नका.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मंडपात सामना बघणाऱ्यांतलाच एक पोट्टा दारात आला, "सर, काठी हाय का?" माळ्यावरून चार स्टिक काढल्या. एक तडकली होती, तिला त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. सोयाबीन निघालं की शाळेमागची पडीक मोकळी होते. पाच पोरं तयार आहेत. दारव्हा तालुक्यातल्या किंवा शेजारच्या एखाद्या गावात आणखी पाच असतील तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. स्टिक कमी पडल्या तर बाभळीच्या वाकड्या फांद्या बघू. बोकड मी देईन.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ