सुरुवात कुणी केली ते विचारू नकोस

रामबाग, इंदूर
श्रावण शुद्ध षष्ठी

प्रिय शुभा,

तुझ्या कादंबरीचं बाड पोचलं. पहिला भाग एका बैठकीत संपवला. दुसऱ्याला वेळ लागला, कारण हातात पेन्सिल होती आणि पानापानावर तुझ्याशी भांडण चाललं होतं. समासातल्या खरडी वाचून डोकं फिरलं तर फिरू दे. गोडगोड अभिप्राय द्यायला ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तुझे नातेवाईक पुष्कळ आहेत.

आधी आवडलेलं सांगते. ड्रॅगनांच्या अंड्यांची गुहा! तो चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा, हातात कुदळ. मुकादमाने सांगितलेलं की आत पांढरे धोंडे आहेत, फोडून काढायचे. तोल सावरायला तो पहिल्या धोंड्यावर हात टेकतो, तर धोंडा ऊन लागतो. मग कान लावतो. आतून टकटक. बाहेरून मुकादम ओरडतो, अंधार पडायच्या आत आटपलं नाही तर भाकरी नाही. पोरगा तळहात विजारीला पुसतो आणि कुदळ उचलतो. तिथे तू प्रकरण तोडलंस. त्याच्या मनात काय आलं याबद्दल एक अक्षर नाही. त्या पानावर मी पेन्सिल टेकवलेली नाही.

आता भांडण. तीनशे वर्षं माणसं आणि ड्रॅगन एकमेकांना मारतायत आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी तुझा तो आंधळा न्यायाधीश भर सभेत उठून सांगतो, दोन्हीकडचे हात रक्ताने माखलेत, तेव्हा कुणी कुणाला बोल लावू नये. सभा गप्प, सेनापतीची मान खाली, पडदा. तुला ते फार शहाणपणाचं वाटलंय हे वाक्यांवरूनच कळतं. मला नाही वाटलं. सगळेच दोषी ठरले की सुटलो बुवा असं कुणाला वाटतं ते बघ ना. सेनापतीला! गुहेचा हुकूम त्याचा होता. आत अंडी आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पोराला नव्हतं. आणि न्यायाधीशबुवांच्या हिशेबात दोघं एका ओळीत. पोराचा दोष शून्य आहे असंही मी म्हणत नाही हं. टकटक ऐकू आल्यानंतरचा पहिला घाव त्याचा आहे. पण भाकरीच्या धाकाखाली घातलेला घाव आणि गादीवर लोडाला टेकून दिलेला हुकूम यांचं वजन एक कसं?

दुसरा माझा आक्षेप पहिल्या भागावर आहे. पहिली ठिणगी कुणाची हे शोधण्यात तू पानंच्या पानं घातलीस. माणसांनी डोंगरातल्या चांदीसाठी करार मोडला, पण त्याआधी ड्रॅगनांनी गुरं उचलली होती, पण त्याआधी कुणीतरी त्यांचा झरा अडवला होता. गोष्टीला हे लागतं, मान्य. दोष ठरवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि हे तुला, लष्करात वाढलेल्या मुलीला, मी इंदूरहून सांगायचं म्हणजे कमाल आहे.

हॉस्टेलवरचे आपले वाद आठव. तू शिंद्यांची, मी होळकरांची, जणू आपल्यालाच जहागिरी मिळणार होती! तुझी गोष्ट नेहमी १८०१ च्या जुलैपासून सुरू व्हायची, यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला तिथून. माझी १७९७ पासून, पुण्यात शिंद्यांच्या फौजेने यशवंतरावांच्या भावाला, मल्हारराव होळकरांना मारलं तिथून. मग मी यशवंतरावांचे दुसरे भाऊ विठोजी काढायचे. १८०१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावाने त्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. तू म्हणायचीस, ते पेशव्यांनी केलं, शिंद्यांच्या नावावर कशाला मांडतेस? त्याच वर्षी ऑक्टोबरात शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आले आणि त्यांनी शहर लुटलं, जाळलं. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात यशवंतरावांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे दोघांना एकदम हरवलं. बाजीराव पळाला तो थेट इंग्रजांकडे, आणि ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. पुढचं सांगायला नको.

यात सुरुवात शोधणारा प्रत्येक जण आपल्या सोयीच्या सालावर बोट ठेवतो. मी ठेवायचे, तू ठेवायचीस. पण इंदुरात ज्या सराफाचं दुकान जळालं असेल, त्याने उज्जैनला कुणाचं काय केलं होतं? घाटग्यांचा ऑक्टोबरातला हुकूम घाटग्यांचा. जुलै लक्षात घेतला की तो हुकूम समजतो, माफ होत नाही. तुझ्या कादंबरीत समजणं आणि माफ होणं यांची सारखी गल्लत होते. ड्रॅगनने बंदर का जाळलं हे तू इतकं सुरेख समजावून सांगतेस की वाचणारा बंदरात जळालेल्या कोळिणींना विसरूनच जातो.

बंदर जाळणाऱ्या म्हाताऱ्या ड्रॅगनिणीवरून आठवलं. तुझ्या हातात एक हुकमी पान आहे आणि ते तू अजून टाकलेलंच नाहीस. तुझे ड्रॅगन पाचशे वर्षं जगतात! म्हणजे बंदर जाळलं ती अजून जिवंत आहे, तिला तो दिवस आठवतो, वाऱ्याची दिशासुद्धा आठवते. आणि करार मोडणारा राजा? त्याची हाडंही उरली नसतील, मधे दहा पिढ्या गेल्या. तेव्हा दोषाचा हिशेब दोन्हीकडे सारखा होऊच शकत नाही. तिला तोंडावर विचारता येतं, 'हे तू केलंस का?' आजच्या राजाला तसं विचारण्यात अर्थ नाही, तो तेव्हा नव्हताच. पण म्हातारीच्या डोळ्यांना सगळे राजे सारखेच दिसतात, बापाचं नाक लेकाला, लेकाचं नातवाला, तिला वाटतं हाच तो. ती अख्ख्या राजवंशाला एक माणूस समजते आणि माणसं ड्रॅगनांच्या अख्ख्या जातीला एक जनावर समजतात. यातून केवढं नाटक निघेल! फक्त एक कर, राजाला अगदी निर्दोष म्हणून सोडू नकोस. डोंगरातली चांदी अजून त्याच्याच खजिन्यात येते आहे. दोष वारशाने येत नाही, चांदी येते. करार त्याने मोडला नसेल, पण करार मोडून मिळालेलं तो रोज खातो आहे, आणि हे आता त्याला माहीत आहे. माहीत झाल्यानंतरचा प्रत्येक दिवस त्याच्या स्वतःच्या खात्यावर.

काल नागपंचमी झाली. आमच्याकडची पोरं परवा संध्याकाळीच उज्जैनला गेली, महाकालाच्या वर तिसऱ्या मजल्यावरचं नागचंद्रेश्वर वर्षातून तेवढा एकच दिवस उघडतं ना, मध्यरात्रीपासून. लोक मानतात की तक्षक तिथे राहतो. तक्षक! परीक्षिताला मारणारा. आणि त्याच्या दारात लोक रात्रभर रांगा लावून उभे. पोरं नसल्यामुळे घर शांत होतं, मी महाभारताचं आदिपर्व काढून बसले. शुभे, आपल्याकडे माणसांचं आणि ड्रॅगनांचं युद्ध केव्हाच लिहून झालंय गं. खांडववनापासून सर्पसत्रापर्यंत.

तू म्हणशील, माहीत आहे सगळं. थांब, यातल्या दोन-तीन जागा तुझ्या कामाच्या आहेत. खांडववन जळताना तक्षक तिथे नव्हता, कुरुक्षेत्राला गेला होता. त्याची बायको पोराला गिळून आकाशात निसटू बघते आणि अर्जुन तिचं डोकं उडवतो. पोरगा, अश्वसेन, वाचतो. पुढे कर्णपर्वात तो कर्णाच्या बाणात शिरतो, कृष्ण रथ खाली दाबतो, अर्जुनाचा फक्त किरीट जातो. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण नंतर अश्वसेन स्वतः चालून येतो तेव्हा अर्जुन कृष्णाला विचारतो, हा आपणहून माझ्यावर येणारा साप कोण? त्याला आठवतच नाही! आईला मारलेलं पोर आयुष्यभर एकच चेहरा डोळ्यापुढे ठेवून जगलं, आणि ज्याने मारलं तो विचारतो, कोण हा? तुझ्या सेनापतीला मी असं एक वाक्य द्यायला सांगेन. त्याला दुष्ट करण्यासाठी तू तिसऱ्या प्रकरणात त्याच्याकडून जे हसवून घेतलंयस, त्यापेक्षा हे भयंकर होईल.

दुसरी जागा परीक्षिताच्या मुलाची, जनमेजयाची. बापाच्या मृत्यूची हकीकत ऐकल्यावर तो नेमका कशावर चिडतो माहीत आहे? तक्षक चावला ते शृंगीच्या शापामुळे, तेवढ्यापुरता तो शापाचं हत्यार होता. पण विष उतरवायला निघालेल्या काश्यपाला त्याने वाटेत गाठून, पैसे देऊन परत पाठवलं, ते शापात नव्हतं. जनमेजय म्हणतो तो अपराध तो. किती काटेकोर बोट ठेवलंय बघ! आणि इतकं नेमकं बोट ठेवणारा राजा पुढे काय करतो, तर एका तक्षकासाठी सगळ्या सापांना आगीत ओढतो. दोषी सापडलेला असतानाही राग अख्ख्या जातीवर जातो, ही गोष्ट तुझ्या न्यायाधीशाला कधी कळणार?

त्याच पर्वात आधी रुरूची कथा येते. बायकोला साप चावला म्हणून हा दिसेल त्या सापाला काठीने मारत सुटतो, आणि एक म्हातारा बिनविषारी डुंडुभ त्याला म्हणतो, अरे, माणसांना चावणारे ते वेगळे, नुसत्या साधर्म्यावरून मला कशाला मारतोस? हे वाचलं आणि मला राजवाडा आठवला. ८४ साली इंदिरा गांधींच्या दोन अंगरक्षकांनी जे केलं त्याचा दोष एका आख्ख्या समाजाच्या माथी मारला गेला, आणि त्या दंगलीत आमचा राजवाडाही पेटला. वरचे मजले लाकडी, त्यांना काय वेळ लागतो. बाबा सांगायचे, वाड्याची राख बघायला लोक जात होते, पण आपल्या गल्लीतल्या शीख शेजाऱ्याच्या बंद दाराकडे बघायला कुणी जात नव्हतं. मी तेव्हा लहान होते, मला फक्त बाबांचा तो आवाज आठवतो.

डुंडुभावरून माझ्या सगळ्यात मोठ्या तक्रारीकडे येते. शुभा, तुझे ड्रॅगन एकदा काय ते ठरव. सभेत ते कायदा बोलतात, करार करतात, मोडल्याचा जाब देतात. पण गुहेत, शिकारीच्या वेळी, ते जनावरं होतात आणि सैनिक त्यांचे दात गळ्यात घालून नाचतात. असं नाही चालणार. पुरात माणसं मेली तर आपण नदीवर खटला भरत नाही. ड्रॅगनला दोषी म्हणायचं असेल तर तो समजून उमजून वागणारा असला पाहिजे, आणि तसा असेल तर त्याची अंडी फोडणं ही शिकार नाही, बालहत्या आहे. तुझ्या माणसांना दोन्ही हवंय, खटला भरायला ड्रॅगन शहाणा आणि मारायला मुका. खऱ्या युद्धांतही हेच चालतं म्हणा. पण मग ही लबाडी तुझ्या पात्रांची राहू दे, तुझी होऊ देऊ नकोस. आत्ता ती लेखिकेची वाटते.

आणि तो मीठवाला व्यापारी तू दुसऱ्या भागात का मारून टाकलास? माझं आवडतं पात्र होतं. सर्पसत्रात उत्तंक आहे ना, ज्याची कुंडलं तक्षकाने पळवली होती, तो जनमेजयाकडे जाऊन स्वतःच्या कुंडलांचा राग राजाच्या पितृशोकात मिसळून देतो. तुझा व्यापारी तेच करतो, स्वतःच्या बुडालेल्या गलबतांचा सूड बंदरातल्या विधवांच्या दुःखावर उगवतो. त्याने एकही ड्रॅगन मारला नाही, एकही घर जाळलं नाही. दोष मोजायला बसलीस तर मी त्याला सेनापतीच्या फार खाली ठेवणार नाही. त्याला जगव. म्हातारा होऊ दे, देवळं बांधू दे, लोक त्याला पाया पडू देत.

तिसऱ्या भागात तू त्या ड्रॅगनांत वाढलेल्या मुलीकडून तह करवणार असशील, माझा अंदाज. आस्तीक तसाच आहे, आई नाग, बाप माणूस. पण त्याने काय केलं ते नीट बघ. त्याने कुणाला निर्दोष ठरवलं नाही, कुणाला माफी मागायला लावली नाही. तक्षक आगीवर लोंबकळत असताना फक्त 'थांब' म्हणाला, आणि राजाला वरात सत्र बंद करायला सांगितलं. राजा सोनं देत होता, गाई देत होता, याने घेतलं नाही. तिच्या तोंडी लांबलचक भाषण घातलंस तर मी पुढचं बाड परत पाठवीन. आधी थांबवू दे, दोष कुणाचा ते नंतर बघू, आणि 'नंतर' म्हणजे खरंच बघू, नावानिशी. तिथे तुझा न्यायाधीश पुन्हा आण हवं तर. पण त्याला एकेकाचं नाव घ्यायला लाव, सेनापतीपासून.

एक तिढा मात्र मलाही सुटलेला नाही. म्हातारी ड्रॅगनीण बंदराबद्दल माफी मागायला तयार झाली तर ऐकायचं कुणी? जळाले ते गेले. त्यांच्या पणतवंडांना माफ करायचा हक्क आहे का? मला वाटतं नाही. तुझ्या दादाचं मत विचार, तो वकील आहे, त्याला चेव येईल.

तिसरा भाग टाइप करून पाठव बाई, तुझं अक्षर आता काकूंच्या वळणावर चाललंय. दिवाळीनंतर येणार असशील तर आधी कळव, साहित्य सभेच्या लायब्ररीतून काही पुस्तकं काढून ठेवते. काकूंना नमस्कार सांग, आणि सांग की त्यांनी दिलेलं लोणचं संपलं.

तुझी,
अनू