मुलींना अडवू नका, पिचिंगला मर्यादा घाला

मा. संचालक,
पार्क्स अँड रिक्रिएशन विभाग,
आमची टाउनशिप, न्यू जर्सी

सस्नेह नमस्कार,

या पत्राची इंग्रजी प्रत मी आपल्या कार्यालयात दिलेली आहे. मराठीत पुन्हा लिहिते आहे, कारण आपल्या रेक (गावातल्या सगळ्यांसाठी खुल्या) सॉफ्टबॉल लीगमध्ये मराठी घरांतल्या मुली आता बऱ्याच खेळतात. त्यांचे आईवडील आणि उन्हाळ्यात भारतातून आलेले आजी-आजोबा ब्लीचर्सवर बसून मॅच बघतात. मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये ते जे बोलतात, ते टाउनशिपच्या मीटिंगमध्ये येऊन कुणी बोलत नाही. त्यांनी हे वाचावं आणि पटलं तर माझ्याबरोबर यावं.

एप्रिलमधल्या एका मंगळवारची गोष्ट सांगते. संध्याकाळी सहाची मॅच होती, बोटं बधिर करणारा वारा होता. गट बारा वर्षांखालचा. माझी धाकटी अकराची आहे आणि तिचं हे पहिलंच वर्ष. टीमचं स्कोअरबुक मी लिहिते. मुलगी स्ट्राइकआउट झाली, म्हणजे बॉल न मारताच तीन स्ट्राइकवर आउट झाली, की चौकोनात ‘के’ लिहायचा असतो. समोरच्या टीमची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी मुलगी, एका ट्रॅव्हल टीममधून (निवडक खेळाडूंच्या टीममधून) खेळणारी होती. चार इनिंग्जमध्ये आमचे बारा आउट झाले, त्यांतले अकरा ‘के’. बारावीने कसाबसा बॅटला बॉल लावला, तो उडून सरळ पिचरच्याच ग्लोव्हमध्ये गेला. तोवर रन्सचा फरक इतका झाला होता की अंपायरने मॅच तिथेच थांबवली.

घरी आल्यावर ते पान पुन्हा उघडलं. आमच्या मुलींना बॅटिंग मिळालीच नाही, हे मैदानावरच कळलं होतं. पान बघताना लक्षात आलं ते वेगळंच. जिंकलेल्या टीममध्ये पिचर आणि कॅचर सोडून ज्या सात मुली फील्डिंगला उभ्या होत्या, त्यांच्याकडे चार इनिंग्जमध्ये मारलेला एकही बॉल गेला नव्हता. त्यांची सेकंड बेसवरची मुलगी मला आठवते आहे. पहिल्या इनिंगमध्ये ती प्रत्येक बॉलला गुडघ्यांत वाकत होती, ग्लोव्ह जमिनीला टेकवत होती, अगदी शिकवल्याबरहुकूम. चौथ्या इनिंगमध्ये ती हात कमरेवर ठेवून पलीकडच्या मैदानावरचा सॉकर बघत होती.

हा खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. रेक लीग म्हणजे गावातल्या कुठल्याही मुलीने नाव द्यावं आणि खेळावं, निवड नाही, कुणाला परत पाठवायचं नाही. ट्रॅव्हल टीममध्ये ट्रायआउट देऊन निवड होते, हिवाळ्यात इनडोअर सराव असतो, पिचरला वेगळा शिक्षक असतो, शनिवार-रविवार टुर्नामेंटसाठी दुसऱ्या गावी, बऱ्याचदा दुसऱ्या राज्यात जायचं असतं. क्रिकेटमध्ये एक बोलर लागोपाठ दोन ओव्हर्स टाकू शकत नाही. सॉफ्टबॉलमध्ये पिचर पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत एकच असू शकते. म्हणून एका चांगल्या बॅटरने मॅच एकतर्फी होत नाही, पण एका पिचरने होते.

बारा वर्षांखालच्या गटात पिचर ४० फुटांवरून टाकते. ट्रॅव्हलमधल्या चांगल्या पिचरचा बॉल त्या वयात ताशी ५० मैलांच्या आसपास येतो, म्हणजे बॅटरला मिळतो जेमतेम अर्धा सेकंद. रेकमध्येच शिकलेल्या मुलीचा बॉल ३५ मैलांचा धरला तर पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो. पाव सेकंदाचा हा फरक आठवड्यातून एकदा सराव करणारी मुलगी भरून काढू शकत नाही. माझी धाकटी त्या दिवशी सहा बॉल खेळली आणि सहाही वेळा बॅट खांद्यावरून हलली नाही. घाबरली नव्हती ती. बॉल दिसेपर्यंत तो कॅचरच्या मिटमध्ये गेलेला असायचा.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला दोन वर्षं लागली. माझी थोरली ट्रॅव्हल पिचर आहे. बारा वर्षांची असताना ती याच लीगमध्ये, याच मैदानावर पिचिंग करत होती आणि समोरच्या टीमच्या पानावर असेच एकाखाली एक ‘के’ पडत होते. तेव्हा मी ब्लीचर्सवर बसून टाळ्या वाजवत होते. एका मॅचनंतर समोरच्या टीमच्या एका मुलीचे वडील आले, थोरलीला म्हणाले, “छान टाकतेस.” मनापासून म्हणाले. त्यांची मुलगी त्यांच्यामागे उभी होती, बॅट बॅगमध्ये घालत होती. पुढच्या हंगामात ती कुठल्याच टीममध्ये दिसली नाही. ती दुसरा खेळ खेळायला लागली असेल, गाव सोडलं असेल, मला माहीत नाही. पण आता धाकटी गाडीत बसून विचारते, “आई, पुढच्या वर्षी यायलाच पाहिजे का?” आणि मला ती बॅग आठवते.

म्हणूनच ट्रॅव्हल खेळाडूंना रेकमध्ये बंदी घाला, ही पार्किंगमध्ये ऐकू येणारी मागणी माझी नाही. थोरली रेकमध्ये का खेळायची, हे मी घरात पाहिलं आहे. तिच्या ट्रॅव्हल टीममधल्या मुली चार-चार काउंटींतून येतात, टुर्नामेंट संपली की ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या वाटेने. वर्गातल्या मैत्रिणींबरोबर खेळायला तिला एवढी एकच जागा होती. आणि उन्हाळ्यातल्या ऑल-स्टार टीममध्ये, म्हणजे लीगमधून निवडलेल्या गावाच्या टीममध्ये, यायचं तर हंगामात गावाच्या लीगमध्ये खेळलेलं असावं लागतं, हा नियम काही मुलींनी केलेला नाही. गावची मुलगी गावाच्या मैदानावर खेळायला आली तर तिला कोणत्या तोंडाने परत पाठवायचं? शिवाय या मुली गेल्या तर काही टीमना नऊ खेळाडू मिळायची मारामार होईल.

दुसरी अडचणही मी लपवत नाही. ट्रॅव्हल पिचर नसली की रेकची मॅच कशी होते, हेही स्कोअरबुकात आहे. चार बॉल बाहेर, वॉक, म्हणजे बॅटरला पहिला बेस फुकट. पुन्हा चार बाहेर, पुन्हा वॉक. मुली चालत बेसवर जातात, चालत होम प्लेटवर येतात, आणि अर्धा तास झाला तरी इनिंग संपत नाही. अशा दोन मॅच बघितल्या की कोच आणि पालक म्हणतात, जिला टाकता येतं तिलाच टाकू दे. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण मग ज्या मुलीला पिचिंग शिकायचं आहे, तिने ते कुठे शिकायचं? घरामागच्या अंगणात बापाला बादलीवर बसवून शंभर बॉल टाकता येतात. पण समोर बॅटर उभी असताना टाकायचं मैदानातच शिकता येतं.

यावर लहान गटांत काही लीग एक उपाय करतात आणि तो मला पटतो. पिचरचे चार बॉल बाहेर गेले की वॉक द्यायचा नाही. बॅटिंग करणाऱ्या टीमचा कोच येतो आणि तिथून पुढचे बॉल तो टाकतो. मुलीला बॅट फिरवायला मिळते, फील्डिंगवाल्यांकडे बॉल जातो, आणि शिकणारी पिचर पुढच्या बॅटरला पुन्हा उभी राहते. आपल्याकडे हे फक्त आठ-दहा वर्षांच्या गटात चालतं. ते बारापर्यंत आणावं आणि त्याच्या जोडीने ट्रॅव्हल पिचरला एका मॅचमध्ये दोनच इनिंग्ज द्याव्यात. बाकीच्या इनिंग्ज तिने शॉर्टस्टॉप खेळावं, कॅचर व्हावं, आउटफील्डला जावं. दोन इनिंग्ज तिचा वेगवान बॉल बघायला मिळणं धाकटीसारख्या मुलींच्या फायद्याचंच आहे. त्यातून त्या शिकतील.

ही मर्यादा त्या पिचरच्याही हिताची आहे. खांद्याखालून टाकलेल्या बॉलने हाताला काही होत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही. हात पूर्ण गोल फिरवून टाकायच्या या विंडमिल पिचिंगने खांदा आणि दंड दुखावतो, अतिवापराच्या दुखापती होतात. थोरली शनिवार-रविवार मिळून तीन-तीन मॅच टाकायची आणि मंगळवारी रेकमध्ये पुन्हा अख्खी मॅच. बुधवारी सकाळी डाव्या हाताने दात घासताना मी तिला पाहिलं आहे. शनिवारचे बॉल रेकच्या कोचला माहीत नसायचे, मंगळवारचे ट्रॅव्हलच्या कोचला. मला दोन्ही माहीत होते आणि मी गप्प बसले.

आता टीम कशा पडतात त्याबद्दल. आपल्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये मैत्रिणीचं नाव लिहायची जागा आहे, एकाच गाडीतून येणाऱ्या मुली एकत्र राहाव्यात म्हणून. चांगली सोय आहे. पण एकाच ट्रॅव्हल टीमच्या चार मुली एकमेकींची नावं लिहितात, कोच त्यांतल्याच एकीचे वडील असतात, आणि हंगाम सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. फॉर्ममध्ये ट्रॅव्हल खेळता का, पिचिंग करता का, हे विचारलंच जात नाही.

मी जळगावला शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले आहे. नऊ जणींत सहा ग्लोव्हज असायचे, इनिंग बदलली की समोरच्या टीमचे मागून घ्यायचे. पण भिडू पाडायची आमची रीत मला आजही सगळ्यांत न्यायाची वाटते. साधारण सारख्या ताकदीच्या दोघीदोघींच्या जोड्या व्हायच्या. जोडी गळ्यात हात टाकून लांब जायची, आपसांत नावं ठरवायची, एक चंद्र, एक सूर्य, आणि परत येऊन म्होरक्यांना विचारायची, तुम्हाला कोण हवं? चंद्र मागणाऱ्याला चंद्र, दुसऱ्याला सूर्य. दोन्ही जोरदार मुली एकाच बाजूला जाणं शक्यच नव्हतं. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नव्हतं. एकतर्फी खेळात मजा नाही, हे दहा-अकरा वर्षांच्या मुलींना ठाऊक होतं. आपल्या लीगला चंद्र-सूर्य नको, पण ट्रॅव्हल मुलींची वेगळी यादी करून त्या आधी सगळ्या टीममध्ये वाटाव्यात, पिचर तर नक्कीच, आणि मग बाकीच्या मुली. मैत्रिणीची विनंती एकच मानावी.

एक गोष्ट मात्र पुढच्या हंगामाची वाट न बघता करायला हवी. बॅटरच्या हेल्मेटला जाळी असते, पण इनफिल्डच्या, म्हणजे बेसजवळ उभ्या असलेल्या, मुलींना फेसमास्क आपल्याकडे ऐच्छिक आहे. ट्रॅव्हल बॅटरने आताच्या बॅटने सरळ मारलेला बॉल थर्ड बेसवर किती वेगाने येतो, हे तिथे उभ्या असलेल्या नवख्या मुलीला तो येईपर्यंत कळत नाही. पिचर आणि इनफिल्डच्या सगळ्या मुलींना मास्क सक्तीचा करा. ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी टीमच्या बॅगेत दोन-तीन ठेवा. त्या खर्चासाठी वर्गणी लागली तर मी गोळा करून देईन.

लीग स्वयंसेवक चालवतात, टाउनशिपचा त्यात हात नाही, असं उत्तर मला फोनवर मिळालं. स्वयंसेवकांबद्दल मला आदर आहे, मीही त्यांतलीच एक आहे. पण मैदान टाउनशिपचं आहे. गवत टाउनशिप कापते, दिव्यांचं बिल टाउनशिप भरते, मैदानाचं परमिट आपल्या सहीने मिळतं. त्या परमिटच्या अटींत कोचची पार्श्वभूमी तपासण्याची अट आपण घालता, तशी पिचिंगची आणि टीम वाटण्याची अट घालता येईल.

आणि हे न्यू जर्सी आहे. १९७२ मध्ये इथल्या होबोकेनमध्ये मारिया पेपे नावाची मुलगी लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या टीममधून मुलांबरोबर तीन मॅच खेळली. लिटल लीगने स्थानिक लीगची मान्यता काढून घेण्याची तंबी दिली आणि तिला बाहेर पडावं लागलं. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेनने तिच्या वतीने दाद मागितली. १९७३ मध्ये राज्याच्या नागरी हक्क विभागातर्फे सिल्विया प्रेसलर यांनी निकाल दिला की मुलींना खेळू द्यावं लागेल. १९७४ मध्ये लिटल लीगने मुलींना दार उघडलं आणि मुलींसाठी सॉफ्टबॉलही सुरू केला. तोवर मारियाचं वय उलटून गेलं होतं, तिला स्वतःला त्याचा उपयोग झाला नाही. त्या मुलीला टीमच्या यादीत नुसतं नाव नको होतं, तिला बॉल टाकायचा होता, मारायचा होता. माझ्या धाकटीचं नाव यादीत आहे, अंगावर टीमचा शर्टही आहे.

पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू व्हायच्या आधी फॉर्म बदलता येईल. रिक्रिएशन समितीच्या येत्या बैठकीत मला दहा मिनिटं द्यावीत, ही विनंती. दोन्ही मुलींच्या हंगामांची स्कोअरबुकं मी बरोबर आणेन. थोरलीही यायचं म्हणते आहे. दोन इनिंग्जची मर्यादा तिला कशी वाटते, ते तिलाच विचारा.

आपली नम्र,
एका ट्रॅव्हल पिचरची आणि एका रेक राइट-फील्डरची आई